समायोजनाचं पत्र

फुग्याच्या कारखान्यात नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे तुम्ही काय, फुगे फुगवायचात?" आमच्या डहाणू-तलासरीकडच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्या घरातलं कुणी ना कुणी फुग्याच्या कारखान्यात राबून आलेलं असतं. बाहेरच्यांसाठी सांगतो, मी फुगे फुगवत नव्हतो. मी टाइम ऑफिसात होतो. हजेरी, रजा, भरती, बदल्या, नोटिसा, तक्रारी आणि भांडणं, एवढं सगळं त्या एका खोलीत चालायचं. कामगार म्हणायचे हा साहेबांचा माणूस, साहेब म्हणायचे हा कामगारांचा, आणि दोघांचंही थोडंथोडं खरं होतं.

मला मुळातच चौकशा फार. माणूस उशिरा आला तर खाडा लावून मोकळं व्हायचं सोडून तो का उशिरा आला, कुठल्या रस्त्याने आला, वाटेत कोण भेटलं, हे सगळं मी विचारत बसायचो. बायको म्हणते, "तुम्हाला पगार हजेरीचा होता, चोंबडेपणा तुम्ही फुकट केलात." ते कबूल आहे. पण त्या फुकटच्या कामाने मला जेवढं शिकवलं तेवढं पगाराच्या कामाने शिकवलं नाही.

अपंगांची भरती हा विषय आमच्याकडे आला तो कागदावरून. वरून पत्र आलं की दिव्यांगांना समान संधी द्यायची, कामाच्या जागी त्यांची वाजवी सोय करायची. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर टक्के लिहिलेले असतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातच गेटवरचा वॉचमन मला फोन करून सांगायला लागला, "साहेब, एक टक्केवाला आलाय, पाठवू?" एक गडी तर गेटपासून लंगडत आला. मी खिडकीतून बघत होतो, उजवा पाय ओढत होता. माझ्या टेबलापाशी पोचेपर्यंत डावा ओढायला लागला. मी म्हटलं, "अरे, वाटेत पाय बदललास का?" तो क्षणभर विचारात पडला आणि म्हणाला, "दोन्ही दुखतात साहेब, आळीपाळीने." त्याला चहा पाजून परत पाठवला. या अशा माणसांच्या गमती मी वर्षानुवर्षं सांगत आलो, लोक पोट धरून हसतात. कमलची गोष्ट मात्र मी आजवर कुणाला धड सांगितली नाही.

कमल रानशेतची. लहानपणी मोठा ताप आला आणि त्यात दोन्ही कान गेले. तोवर बोलायला शिकली होती, म्हणून बोलायची चांगलं, फक्त आवाज एका पट्टीत. समोरच्याच्या ओठांवरून तिला सगळं कळायचं. मराठी कळायचं, गुजराती कळायचं, आणि सुपरवायझर तोंडातल्या तोंडात शिव्या द्यायचे त्याही कळायच्या. ती हेल्पर म्हणून लागली आणि तिसऱ्या वर्षी तीन नंबरच्या लाइनवर ऑपरेटर झाली. आमच्याकडे ऑपरेटर बाई म्हणजे मोठी गोष्ट होती. गावात तिला 'मशीनवाली' म्हणायचे. तिची सासू देवीच्या जत्रेत सुद्धा ओळख करून देताना सुनेचं नाव न सांगता "ही आमची मशीनवाली" असं सांगायची.

लाइन म्हणजे काय तेही सांगतो. एका लांब साखळीवर फुग्याच्या आकाराचे चिनी मातीचे फर्मे उलटे टांगलेले असतात. साखळी फिरते, फर्मे रबराच्या रंगीत चिकात बुडतात, वर येतात, ब्रशखालून जाताना फुग्याच्या तोंडाची कड वळली जाते, मग ते भट्टीतून वाळून बाहेर पडतात. पुढे बायका पावडर लावून फुगे ओढून काढतात. सगळी भानगड साखळीची. तिने एखादा दात सोडला की फर्मे एकमेकांवर आपटतात आणि पाच मिनिटांत ठिकऱ्या होतात. म्हणून ऑपरेटरने साखळी बिघडायच्या आत मशीन बंद करायचं असतं. नऊ वर्षांत कमलच्या लाइनवर अशी मोठी मोडतोड एकदाही झाली नव्हती.

मग गमबूट आले. फरशीवर कायम पाणी आणि चीक असायचा, बायका पातळ चपला घालून नाहीतर अनवाणीच उभ्या राहायच्या. एका बाईने घसरून मनगट मोडून घेतल्यावर साहेबांनी सगळ्यांना जाड तळाचे गमबूट दिले. निर्णय योग्यच होता, नोटीस मीच लावली होती. त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात तीन नंबरची साखळी अडकली आणि फर्म्यांची अख्खी रांग फुटली. एक तुकडा उडून कमलच्याच कपाळाला लागला.

सुपरवायझर जिग्नेशभाई उंबरगावचा. माणूस वाईट नाही, पण घाबरट. तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला.

"साहेब, मशीनमधून केवढा खडखड आवाज येत होता, आख्ख्या शेडमध्ये. आ बाईला ऐकायलाच येत नाय ने. उद्या कुणाचा हात गेला तर जबाबदार कोण? मी?"

"नऊ वर्षं ऐकू येत नव्हतंच की, जिग्नेशभाई."

"ते नसीब होतं साहेब. नसीब रोज चालतं काय?"

साहेब म्हणाले, तिला पॅकिंगला घ्या, तिथे मशीन नाही, धोका नाही, हुद्दा जाईल पण नोकरी राहील. मला ते बरंच वाटलं, अगदी माणुसकीचं. वाजवी सोय करायची असं कागद म्हणत होता, आणि आपण करतोय, असं वाटून मी थोडा फुगलो सुद्धा, कारखानाच तसला. टाइपरायटरच्या काळापासूनची सवय, पत्रात साधा शब्द लिहायचा नाही. 'सोय' हा शब्द मला चहापाण्याचा वाटला. वरून आलेल्या मराठी कागदात कुठेतरी 'समायोजन' होतं, ते भारदस्त वाटलं. मी लिहिलं, 'आपल्या अपंगत्वाचा सहानुभूतीपूर्वक विचार करून आपले समायोजन करण्यात येत आहे.' कुठे ते तोंडी सांगू म्हणून पॅकिंगचं नाव घातलंच नाही, खाली सही-शिक्का. कमलने पत्र वाचलं, घडी घालून पदरात खोचलं आणि दुसऱ्या दिवसापासून ती आलीच नाही.

चार दिवस झाले, आठ झाले. हजेरीपटावर तिच्या नावापुढे खाडे पडत गेले. तसाच आणखी काही दिवस खाडा झाला असता तर नियमाने तिचं नाव कमी झालं असतं, आणि ते पत्रही मलाच टाइप करावं लागलं असतं. जिग्नेशभाई म्हणाला, तिला राग आलाय. मला ते पटेना. कमल रागावली असती तर तोंडावर बोलली असती. शेवटी रविवारी स्कूटर काढली आणि रानशेतला गेलो.

अंगणात तिची सासू मिरच्या वाळत घालत होती. मला बघून तिने खाट टाकली, पाणी दिलं, पण चेहरा घट्ट. कमलचा नवरा रमण गवंड्याच्या हाताखाली काम करतो, तो घरीच होता. मी म्हटलं, "रमण, कमल कामावर का येत नाही?"

"कुठं येणार सायब? तुमीच तिला काढलं."

"मी कुठे काढलं? पत्रात बघ, काढलं असं कुठे लिहिलंय?"

रमणने पत्र आणून माझ्या हातात दिलं आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. "हे काय हाय मग? समायोजन. आमच्या भयनीचा नवरा जिल्हा परिषदेत मास्तर हाय. त्याच्या शाळेत पोरं कमी झाली, तर त्याचं समायोजन केलं. सायवनच्या पलीकडं टाकला. दोन वर्सं झाली, बायको हितं, तो तिकडं."

"आनि त्याला दोन पाय धड हायेत," सासू मिरच्यांवरून नजर न उचलता म्हणाली. "हिला ऐकू येत नाय. हिला कुठं टाकनार?"

मी कपाळावर हात मारला. आमच्या जिल्ह्यात समायोजन म्हणजे काय हे शेंबडं पोरही सांगेल. शाळेत मास्तर जास्त झाला की त्याला उचलून दुसरीकडे ठेवतात, त्याचं नाव समायोजन. कंपनीची दुसरी शेड गुजरातेत आहे, त्यांना वाटलं तिकडे कमलला धाडणार, म्हणजे ती आपण होऊन सोडेल. सोय करतो असं लिहिलं असतं तर निदान त्यांनी येऊन विचारलं तरी असतं. मी समजावून सांगितलं की कुठे पाठवत नाही, इथेच, पॅकिंगला बसायचं आहे.

कमल दारात उभी राहून माझे ओठ बघत होती. म्हणाली, "पॅकिंग म्हंजे हेल्पर."

"हो. पण धोका नाही."

"मी हेल्पर होते. तिथून वर आले. परत खाली का?"

मी विषय बदलून माझी नेहमीची चौकशी सुरू केली. बरेच दिवस एक गोष्ट मनात घोळत होती. साथीच्या दिवसांत सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. ओठ दिसत नाहीत म्हणून कमलशी कुणाला बोलता येईना, ती खरी बहिरी झाली ती तेव्हा. त्या सगळ्या काळात तीन नंबरची लाइन मात्र बिनबोभाट चालली होती. ते काही नशीब नव्हे. मी विचारलं, "कमल, साखळी बिघडणार हे तुला इतकी वर्षं कळायचं कसं?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारतोय, तुला भूक लागली हे कळतं कसं. मग तिने उजवा पाय उचलून अंगणात दोनदा आपटला. "पायाला कळतं. मशीनच्या पुढं फळी हाय ना, तिच्यावर उभी राहायची. साखळी सैल झाली का फळी वेगळी थरथरते. पयल्यांदा टाचेला लागतं." आणि मग अगदी शांतपणे म्हणाली, "बूट घातल्यापासून काय कळत नाय. मी सांगितलं होतं जिग्नेशभाईला. तो बोलला, सगळ्यांना घालायचेत, तुला येगळे कायदे नायत."

म्हणजे आम्हीच तिला बहिरं केलं होतं, आणि मग बहिरी म्हणून मशीनवरून उतरवलं होतं. मला स्वतःची लाज वाटली. नऊ वर्षांत हा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता, आणि म्हणे मी चोंबडा.

सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी मी बूट-मोजे काढून तीन नंबरच्या फळीवर उभा राहिलो. मशीन चालू करायला लावलं. जिग्नेशभाईला वाटलं माझं डोकं फिरलं. पहिल्यांदा मला नुसत्याच मुंग्या आल्या. कमल शेजारी उभी होती. तिने बोट वर केलं, थांबा. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता बघा, जड सांधा येनार." आणि खरंच, टाचेखाली एक बारीक ठोका लागला. साखळीची एक फेरी झाली की तो पुन्हा लागायचा. कानाला मात्र पंखे, भट्टी आणि मोटार यांच्या गदारोळात काही म्हणजे काही कळत नव्हतं.

साहेबांसमोर बैठक झाली. साहेब मुंबईचे, हिशेबी पण ऐकून घेणारे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, अनवाणी उभं राहू देणार नाही, तो विषयच नको. ते बरोबर होतं. मग माझ्या डोक्यात आलं, लाल दिवा बसवू, साखळी अडकली की पेटेल. मी मोठ्या हौसेने कमलकडे वळून विचारलं, चालेल ना?

"नाय," ती म्हणाली. "दिवा बिघडल्यावर पेटनार. मला बिघडायच्या आधी पायजे."

"मग तूच सांग काय हवं."

बहुधा असा प्रश्न तिला कुणी पहिल्यांदाच विचारला असेल. मग तिने कमरेवर हात ठेवून दाखवलं. मशीनच्या सांगाड्याला एक आडवा पाइप जोडून द्या, कमरेएवढा उंच. त्याला टेकून उभी राहीन, हात मोकळे राहतील, पायात बूट राहतील. थरथर पायातून आली काय आणि कमरेतून आली काय. साहेबांनी फिटरला बोलावलं, तो म्हणाला भंगारातला पाइप कापून संध्याकाळपर्यंत वेल्डिंग करून देतो.

तरी जिग्नेशभाई अडून बसला. "साहेब, धोक्याचा भोंगा वाजतो तो तर हिला नायच ऐकू येणार."

तेव्हा सविता बोलली. ती त्याच लाइनवर फुगे ओढायची आणि बैठकीत कामगारांच्या बाजूने बसली होती. सहसा तोंड उघडायची नाही. "भोंगा आमाला पन नाय ऐकू येत. पंख्याखाली काय ऐकू येतंय? आमी कमलकडं बघतो. तिनं मान वळवली का आमी हात मागं घेतो. ती नाय तर या दहा दिवसांत आमी जीव मुठीत धरून काम करतोय." त्या दहा दिवसांत तीन नंबरवर दोनदा फर्मे फुटले होते आणि तिथे कान शाबूत असलेला ऑपरेटर उभा होता. जिग्नेशभाईने ते रिपोर्टात लिहिलं नव्हतं. आता तो खाली बघायला लागला.

साहेब म्हणाले, ठीक आहे, मशीनवर घ्या. पण तिच्याकडून लेखी घ्या. बहिरेपणामुळे काही झालं तर जबाबदारी तिची. मला ते किरकोळ वाटलं. एवढं मिळतंय तर एक सही काय जड आहे? दुसऱ्या दिवशी मी हमीपत्र टाइप केलं, या वेळी सोप्या शब्दांत, आणि कमलला ऑफिसात बोलावलं. तिने उभ्याने वाचलं.

"हे सगळ्यांकडून घेता?"

"नाही. फक्त तुझ्याकडून. फॉर्मॅलिटी आहे गं."

"तुमी दिलंय?"

"मी कशाला देऊ?"

"डाव्या कानाचं," ती म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिने स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला आणि माझ्याकडे बोट केलं. "कोन डावीकडून बोललं का तुमाला कळत नाय. मग तुमी हसता. बघून हसता, ऐकून नाय. मी पन आधी तसंच करायची."

माझा डावा कान शाळेत असताना वाहायचा. नंतर तो गेलाच. नोकरीच्या तपासणीत डॉक्टर मागून पुटपुटले तेव्हा मी अंदाजाने 'हो साहेब' म्हटलं आणि पास झालो. पुढे सगळ्या नोकरीत माझं टेबल डावी बाजू भिंतीला येईल असं लावून घेतलं. उजेडासाठी, असं सांगायचो. शेकडो माणसांचे तपासणीचे फॉर्म मी तपासले, कमी ऐकू येतं का या रकान्यात हो-नाही लिहून घेतलं, आणि माझ्या फॉर्मवर कायम 'नाही' लिहिलेलं राहिलं. हे बायकोखेरीज कुणालाही माहीत नाही असं मी समजत होतो.

कमल कागद टेबलावर ठेवून निघून गेली. सही केली नाही. ती बोलली याचा राग आला नाही, तिला एवढ्या वर्षांत बोलायची गरज वाटली नव्हती याचं मात्र वाईट वाटत राहिलं. मग मी त्याच हमीपत्राची दुसरी प्रत काढली, तिच्या नावाच्या जागी माझं नाव घातलं, दोन्ही कानांऐवजी डावा कान लिहिलं आणि दोन्ही कागद साहेबांसमोर ठेवले. निवृत्तीला तीन वर्षं होती.

साहेबांनी पहिला वाचला, दुसरा वाचला. चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"हे खरं आहे?"

"हो साहेब."

"कधीपासून?"

"नोकरीला लागायच्या आधीपासून."

त्यांनी दोन्ही कागद एकत्र केले, आडवे फाडले आणि टोपलीत टाकले. "जा, लाइन चालू करा," एवढंच म्हणाले. पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही, आणि माझ्या फॉर्मवरचा रकाना बदलायचं धैर्य मला निवृत्त होईपर्यंत झालं नाही. ती खंत आहे, म्हणून इथे लिहिली.

मी शेडमध्ये गेलो. निरोप माझ्याआधीच पोचला होता, तीन नंबर सुरू झाली होती. कमल बूट घालून पाइपला कमर टेकून उभी होती. मी मशीनच्या एका टोकाला थांबलो आणि हातानेच खूण केली, सही नको. तिला दिसलं. तिने सविताला मशीनकडे बघ असं खुणावलं, पुढून सरळ यायचं सोडून माझ्या मागून वळसा घातला, आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बोला." त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की नऊ वर्षं ती माझ्याशी बोलायला याच बाजूने येत होती.